चौथ्या सिलिंडरमधलं कानातलं

"थांबा! तो प्लग बसवू नका! माझं कानातलं आत पडलंय!"

सिस्टरची किंकाळी वर्कशॉपच्या पत्र्यावर आपटली आणि उस्तादांचा हात होता तिथेच थबकला. हातात प्लग, समोर उघडं भोक.

फोरमनबाई टेलिफोनवर होत्या. पलीकडून हॉस्पिटलचे व्यवस्थापक विचारत होते, रुग्णवाहिका कधी मिळणार. "ही काय, झालीच," असं त्या नुकत्याच म्हणाल्या होत्या. शब्द तोंडातून बाहेर पडले होते, आता परत कसे घेणार? त्यांनी रिसीव्हर छातीशी दाबून धरला आणि ओरडल्या, "काय पडलं? कशात पडलं?"

"इंजिनात," उस्ताद म्हणाले. "चौथ्या सिलिंडरच्या भोकात. म्हणजे, ती म्हणते."

काम किरकोळ होतं. चार प्लग बदलायचे, गाडी बाहेर काढायची. त्या जुन्या व्हॅनचं इंजिन केबिनमध्येच, दोन सीटच्या मध्ये होतं. झाकण उचललं की प्लगची चारही भोकं आभाळाकडे तोंड करून समोर दिसत. तीन प्लग बसले होते. चौथा बसणार तेवढ्यात सिस्टर मागच्या सीटवरची औषधांची पेटी घ्यायला आत वाकली होती.

फोरमनबाई रिसीव्हर टेबलावर ठेवून तरातरा गाडीपाशी आल्या. सिस्टर पांढऱ्या गणवेशात, दार धरून उभी. उजव्या कानात सोन्यातला टपोरा खडा, डावा कान मोकळा.

"आता इंजिन फिरवायचं नाही ना?" तिने विचारलं. "फिरवलं तर फुटेल ना ते? दुसरी गाडी पाठवता येईल. दुसरी आहे ना?"

"दुसरी आत्ताच पेशंट घेऊन शहराकडे गेली. संध्याकाळपर्यंत येत नाही."

सिस्टरचा चेहरा उतरला. सोनं पडल्याचं सांगताना उतरला नव्हता एवढा.

ड्रायव्हरच्या सीटवरून मामा खाली उतरले. सिस्टर त्यांची सख्खी भाची. ती त्यांना मामा म्हणते म्हणून सगळं हॉस्पिटल त्यांना मामा म्हणायचं. आईवडील गेल्यावर त्यांनीच तिला लहानाची मोठी केली होती, नर्सिंगला घातलं होतं. आता ते गाडी चालवत आणि ती मागे पेशंटपाशी बसे. मामा भाचीकडे जायला वळले आणि जमिनीवरच्या ऑइलच्या ट्रेला त्यांचा डावा पाय लागला. काळं ऑइल फरशीभर झालं.

"वाटेत कोण ठेवतं हे!" मामा खेकसले.

"सकाळपासून तिथेच आहे," उस्ताद पुटपुटले आणि भुसा आणायला गेले.

फोरमनबाईंनी परत जाऊन रिसीव्हर कानाला लावला. "साहेब, जरा वेळ लागेल."

पलीकडून जे ऐकू आलं, ते ऐकून त्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली. ती पुढे दिवसभर थांबली नाही.

*

सुरुवात बॅटरीच्या उजेडाने झाली. उस्तादांनी भोकात उजेड सोडला, एक डोळा मिटून दुसरा लावला.

"पिस्टन वरच आहे," ते म्हणाले. "टायमिंगची खूण जुळवायला मीच इंजिन हाताने फिरवून ठेवलं होतं. पहिला आणि चौथा वर, मधले दोन खाली. त्यानंतर कोणी हात लावलेला नाही."

फोरमनबाईंनी डोळा लावला. काजळी धरलेलं पिस्टनचं डोकं अगदी हाताशी होतं, बोट घातलं तर टेकलं असतं. सोनं मात्र दिसत नव्हतं.

"कडेला सरकलं असेल."

लोहचुंबकाची कांडी काढायला गेलेले उस्ताद मध्येच थांबले आणि स्वतःवरच चिडले. सोन्याला लोहचुंबक काय करणार? मग त्यांनी वाकवलेल्या तारेच्या टोकाला ग्रीसचा गोळा लावला आणि आत चहूकडे फिरवला. तार बाहेर आली ती काजळीने माखून. पुन्हा घातली. पुन्हा काजळी.

मग पंपाला बारीक नळी जोडून आतलं ओढून घेतलं. फडक्यावर काळी भुकटी पडली. फोरमनबाईंनी ती चिमटीत धरून चोळली. भुकटीच होती.

मग नळीचा कॅमेरा. तो मेला ऐन वेळी धुरकट व्हायचा. पुसून आत घातला की चार श्वास नीट दिसायचं आणि परत धुकं. फोरमनबाईंनी तो आपल्या ओढणीला पुसला, भिंग फुंकून कोरडं केलं, शेवटी त्याला दोन शिव्या हासडल्या. शिव्यांचा परिणाम झाला असावा. पडद्यावर सगळा कोनाकोपरा दिसला. पिस्टनचं डोकं, वरच्या झडपा, सिलिंडरची गोल भिंत. परातीसारखी उथळ जागा आणि त्या परातीत काही नाही.

"झडपेच्या फटीतून निसटलं असेल," मामा म्हणाले.

"त्या फटीतून नख जात नाही," उस्ताद म्हणाले.

"तुम्हाला बरं माहीत! उघडून बघा ना पाइप."

उस्तादांनी दातओठ खात हवा आत जाणारा पाइप उघडला. मग धूर बाहेर जाणाराही उघडला. नट गंजलेले, एक तर सुटता सुटेना. सुटला तेव्हा उस्तादांच्या बोटांची सालटी निघाली. दोन्ही पाइप रिकामे.

टेलिफोन वाजला. फोरमनबाईंनी ऐकून घेतलं, "हो साहेब," एवढंच म्हणाल्या आणि खाली ठेवला.

"काय झालं?" सिस्टरने विचारलं. औषधांची पेटी मांडीवर घेऊन ती बाकावर बसून होती.

"छातीत कळा येणाऱ्या एका माणसाला आणायचं होतं. गाडी नाही म्हणून घरच्यांनी भाजीच्या टेम्पोत घालून आणला. कोबीच्या पोत्यांवर निजवून."

"कसा आहे?"

"आत्ताच दाखल केलाय. कळेल."

सिस्टरने पेटीचं झाकण उघडलं, आतल्या बाटल्या सरळ केल्या, झाकण लावलं. परत उघडलं.

*

मामांनी मग मनातलं बोलून दाखवलं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"पडलेली वस्तू हवेत विरघळत नाही. आत नाही, म्हणजे बाहेर आली. बाहेर आली, म्हणजे कोणाच्या तरी हाताला लागली. आणि आतमध्ये हात घालणारा माणूस एकच आहे."

उस्तादांनी पाना ट्रेमध्ये ठेवला. फडक्याला हात पुसले. मग खिसे उलटे करून दाखवायला लागले. एक वॉशर निघाला, खोकल्याची गोळी, तुटक्या दातांचा कंगवा. सदऱ्याचा खिसा उलटा केला. चपला काढून झटकल्या.

"उस्ताद, राहू द्या," फोरमनबाई म्हणाल्या.

"नाही, बघून घ्या. बाई, तुम्हीच बघा. तुम्ही बघितलंत तर मला लागणार नाही."

फोरमनबाईंना पाना हातात धरायला याच माणसाने शिकवलं होतं. पहिल्या दिवशी नट सोडवताना त्या उलट्या दिशेने जोर लावत होत्या आणि बाकीचे फिदीफिदी हसत होते, तेव्हा हसणाऱ्यांना बाहेर काढून दार लावणारा हाच माणूस. आता तो अनवाणी, खिशांची अस्तरं बाहेर काढून त्यांच्यासमोर उभा होता.

त्यांनी खिशांकडे बघितलंच नाही. "चपला घाला," एवढंच म्हणाल्या. मग मामांकडे वळल्या. "मामा, आत या. तुमच्याशी आधी बोलते."

*

काचेच्या केबिनमध्ये मामा खुर्चीवर ताठ बसले. टेबलावरचं वर्तमानपत्र त्यांनी सहज उचललं, आतल्या पानावरच्या बारीक अक्षरांतली बातमी वाचली आणि परत ठेवलं. मामांना अजून चष्मा नव्हता. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवत नसत.

"पडताना तुम्ही पाहिलंत?"

"मी स्टिअरिंगवर होतो."

"म्हणजे सिस्टर तुमच्या डाव्या हाताला, इंजिनाच्या पलीकडून वाकली होती. हातभर अंतरावर. तरी नाही पाहिलंत?"

"लक्ष नव्हतं."

"आवाज ऐकलात?"

"तिची किंकाळी ऐकली. त्याआधीचं काही नाही."

"आजचं प्लगचं काम घरी कोणाला माहीत होतं?"

"काल जेवताना मीच म्हणालो होतो. सकाळी प्लग बदलतील, लगेच गाडी मिळेल, दुपारी लांबच्या वस्तीवरून तान्हं बाळ आणायचंय. का?"

"सहज. डावा आरसा परत कसा फुटला?"

"एक सायकलवाला मध्ये आला. लोकांना रस्त्यावर चालायची अक्कल नाही राहिली." मामांनी घसा खाकरला. "जरा पाणी मिळेल का?"

फोरमनबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. पाण्याचा पेला त्यांनी बोलता बोलता कधीच पुढे सरकवला होता. मामांच्या डाव्या कोपराशी तो भरलेला होता.

"तुमच्या हाताशीच आहे," त्या म्हणाल्या.

मामांनी मान पुरती वळवली, तेव्हा त्यांना पेला दिसला.

नंतर सिस्टर आली. खुर्चीच्या टोकावर टेकली.

"नीट आठवून सांग. काय झालं?"

"मी पेटी घ्यायला वाकले. कानातलं सुटलं आणि भोकात गेलं. टिंग, टिंग, टिंग करत खोल गेलं. तळाला टेकल्याचा आवाज आला."

"खोल?"

"हो. बराच वेळ आवाज येत होता."

"दुसऱ्या कानातलं दाखव."

सिस्टरने उजव्या कानामागे बोटं नेली आणि फिरकी सोडवायला लागली. फिरकी घट्ट होती. वळसे देता देता तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. शेवटी निघालं एकदाचं. फोरमनबाईंनी ते तळहातावर घेतलं. मागे आटे पाडलेली दांडी आणि तिच्यावर बसणारी इवलीशी चकती.

"त्या कानातली फिरकी कुठे गेली?"

"सैल होती. आधीच पडली असेल."

"कुठे?"

"काय माहीत. रस्त्यात."

"आईचं का हे?"

"हो." पहिल्यांदाच तिचा आवाज हलला.

"मग शोधायला उठली का नाहीस? सगळे शोधतायत आणि तू बाकावर."

"मला काय कळतं इंजिनातलं? आणि राहू दे ते, बाई. सोनं गेलं तर गेलं. उस्तादांना कोणी काही बोलू नका, त्यांनी नाही घेतलं. फक्त गाडी चालू करू नका आज. माझं एवढं ऐका."

आईची आठवण गेली तरी चालेल, गाडी मात्र चालू व्हायला नको. दिवसभर आपण एका भोकात डोकावत होतो आणि उत्तर भलतीकडेच होतं, असं फोरमनबाईंना वाटायला लागलं.

सिस्टर गेल्यावर त्या एकट्याच व्हॅनपाशी आल्या. मागचं दार उघडून आत चढल्या. स्ट्रेचर, ऑक्सिजनची नळी, भिंतीवर पाटी. पाटीवरची ओळ त्यांनी या आधी शंभरदा पाहिली असेल. आज वाचली. 'कर्मचाऱ्यांनी ड्यूटीवर कोणताही दागिना घालू नये.' वळणदार अक्षर सिस्टरचं; ती पाटी तिनेच स्वतःच्या हाताने रंगवली होती.

त्या खाली उतरल्या. डावीकडून गाडीला एक फेरी मारली. नवा आरसा. दाराखाली लांब ओरखडा. मागच्या चाकापाशी पत्रा आत गेलेला. मग उजवीकडून फेरी मारली. उजवी बाजू शोरूममधून आणल्यासारखी नितळ.

"उस्ताद," त्यांनी हाक मारली. "सगळे पाइप जोडा. चौथा प्लग बसवा."

"आणि कानातलं?"

"ते आत नाही."

"बाई, असलं तर? इंजिन एक फेरा फिरलं की पिस्टनला भोक पडेल. झडपा वाकतील."

"फुटलं तर माझ्या नावावर लिहा."

उस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पुढे काही न विचारता त्यांनी पाना उचलला.

*

झाकण बसलं. फोरमनबाईंनी किल्ली मामांच्या हातात दिली.

"चला मामा. बाळ आणायचं राहिलंय. चालू करा."

मामा खूश झाले. झपकन चढले, दार ओढून घेतलं. सिस्टर बाकावरून उठून उभी राहिली. किल्ली फिरली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा पकडलं आणि लोण्यासारखं चालायला लागलं. कुठे टकटक नाही की खडखड नाही.

उस्तादांनी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

"ऐकलंस?" फोरमनबाई सिस्टरला म्हणाल्या. "इंजिन धडधाकट आहे. आता काय भीती? बस गाडीत."

मामांनी गिअर टाकला. गाडी हलली आणि सिस्टर धावली. दाराकडे नाही, गाडीच्या पुढे. दोन्ही हात समोरच्या पत्र्यावर टेकवून ती आडवी उभी राहिली.

"मामा, उतर खाली! नको चालवूस! मामा, तुला शपथ आहे माझी!"

ब्रेक कच्चकन लागले.

फोरमनबाईंनी हात घालून किल्ली बंद केली. "दिवसभर गाडी नको, गाडी नको म्हणत होतीस. गाडी निर्दोष निघाली तरी आडवी आलीस. तुला गाडीची भीती नव्हतीच. तुला मामांची भीती होती."

"काय चाललंय हे?" मामा ओरडले.

"सांगते. उतरा, मामा. उस्ताद, तुम्हीही ऐका, तुमचा जास्त हक्क आहे." त्या गाडीला टेकून उभ्या राहिल्या. पाय दुखत होते. "ही म्हणाली, कानातलं टिंग टिंग करत खोल गेलं, तळाला टेकलं. पण चौथा पिस्टन वर होता. तिथे खोली आहेच कुठे? बोटभर खाली गेलं की संपलं. एकदा टक्‌ वाजलं असतं. भोक खोल असेल ही तिची कल्पना. ऐकलेला आवाज नव्हे तो, मनाने रचलेला."

सिस्टर गाडीसमोरून हललीच नव्हती.

"दुसरी गोष्ट. फिरकीचं कानातलं. उजवीकडची फिरकी काढायला हिला केवढा वेळ लागला. डावीकडची मात्र वाटेत कुठेतरी आपोआप पडली. मग ते बिनफिरकीचं कानातलं वाटभर कानात टिकलं आणि नेमकं उघड्या भोकावर येऊन सुटलं. मला हे पचेना. तिसरी, ही कानातली घालून आलीच का? ड्यूटीवर दागिना नको, ही पाटी हिनेच रंगवलीय. आज घातली, कारण आज प्लग निघणार हे काल जेवताना कळलं होतं. आणि सोन्याचंच का? लोहचुंबकाला सोनं लागत नाही. लोखंडाचं काही म्हटली असती, तर न सापडल्यावर लगेच उघडं पडलं असतं."

"पण का?" उस्तादांचा आवाज घोगरा झाला. "माझं काय वाकडं होतं हिच्याशी?"

"तुमच्याशी काहीच नाही. तुम्ही मध्ये सापडलात." फोरमनबाई मामांच्या डाव्या बाजूला गेल्या, खांद्याच्या वीतभर पुढे, आणि हात वर केला. "मामा, समोर बघा. माझी किती बोटं?"

"कुठे?" मामा म्हणाले.

मामांना आपण काय बोललो ते कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी मान वळवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवली.

"डावा आरसा दोनदा गेला," फोरमनबाई हळू आवाजात म्हणाल्या. "सगळे ओरखडे डावीकडे. ऑइलचा ट्रे डाव्या पायाशी होता. पाण्याचा पेला डाव्या हाताशी होता. पेपर तुम्ही वाचता, तो उजव्या डोळ्याने. डावा कधीपासून गेलाय?"

"गेला नाही. धूसर आहे. सर्दीने होतं तसं."

"सर्दीने नाही, मामा!" सिस्टरच्या तोंडून शब्द फुटला आणि मग थांबेचना. "मी मागे बसते, मला दिसतं सगळं. तो सायकलवाला मध्ये आला नव्हता, तो कडेनेच चालला होता. तू त्याला पाहिलंच नाहीस. मी किती वेळा म्हटलं, डॉक्टरला दाखव. तू म्हणालास, परत हा विषय काढलास तर माझं तोंड बघू नकोस. साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी तुझ्या हातातून किल्ली काढून घेतली असती. ते माझ्या तोंडून कसं सांगू? ज्याने मला वाढवलं त्याला? आज तान्हं बाळ आणायचं होतं. म्हटलं, गाडीच बंद पडली तर दुसरी जाईल, दुसरा ड्रायव्हर जाईल. मग पुढचं बघू."

"आणि दुसरी गाडी नव्हतीच," फोरमनबाई म्हणाल्या.

"नव्हती."

"एक माणूस कोबीवर झोपून आला. तो वाचलाय, साहेबांनी मघाशी कळवलं. पण तो वाचला यात तुझं काही कर्तृत्व नाही. आणि हा माणूस," त्यांनी उस्तादांकडे बोट केलं, "भर वर्कशॉपमध्ये चपला झटकत उभा राहिला. तू बाकावरून बघत होतीस."

सिस्टरने गणवेशाच्या आतल्या खिशातून कापसाची पुडी काढली. आत डाव्या कानातलं आणि त्याची फिरकी. तिने ती उस्तादांसमोर धरली. उस्तादांनी हात पुढे केला नाही.

"उद्या साहेबांसमोर तू स्वतः सगळं सांगशील," फोरमनबाई म्हणाल्या. "मी शेजारी उभी राहीन. पण बोलायचं तू."

तिने मान हलवली.

मामा पायरीवर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. ते रागावतील, गाडीला लाथ मारतील, भाचीला नाही नाही ते बोलतील, असं सगळ्यांना वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, "उस्ताद, मी तुम्हाला चोर म्हणालो."

"म्हणालात."

"कसं निस्तरू ते?"

"मला नाही माहीत," उस्ताद म्हणाले. सोललेल्या बोटांवर ते फुंकर घालत होते. "आज तरी नाही माहीत."

टेलिफोन वाजला. फोरमनबाईंनी घेतला. बाळाची आई विचारत होती. वस्तीवरचा दवाखाना आता बंद व्हायच्या बेतात होता, बाळाचा श्वास जोरात चालत होता. गाडी येतेय का?

"निघालीच," त्या म्हणाल्या आणि वर्कशॉपभर नजर फिरवली. गाडी होती. ड्रायव्हर नव्हता. त्यांची नजर उस्तादांवर येऊन थांबली. दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी रस्त्यावर फिरवून बघायची म्हणून त्यांच्याकडे पक्का परवाना होता.

"बोटं सोललीयत माझी," उस्ताद म्हणाले.

"दिसतंय."

उस्तादांनी चरफडत फडकं बोटांभोवती गुंडाळलं आणि गाडीत चढले. सिस्टर पेटी घेऊन मागे चढली. "उस्ताद, माझं चुकलं..."

"ते परत आल्यावर. आधी दार नीट लाव. आणि मला त्या वस्तीचा रस्ता माहीत नाही. कोण सांगणार?"

मामा उठले. खिडकीचा काठ धरून उभे राहिले, समोर रस्त्याकडे बघत, जणू तो त्यांच्या डोळ्यांपुढेच पसरला होता.

"गिरणीपर्यंत सरळ. तिथे लहान पोरं चेंडूमागे धावतात, हॉर्न मारू नका, नुसते हळू व्हा. पूल ओलांडलात की उजवीकडे. मग चढ आहे, दुसऱ्या गिअरमध्येच घ्या, नाहीतर मध्येच दम सोडते ही. वळणावर मोठा खड्डा लागेल, तो उजव्या बाजूने टाळा. येताना बाळ असेल, तेव्हा तिथे अगदी सावकाश..."

उस्तादांनी गाडी सुरू केली. मामा खिडकीला हात लावून फाटकापर्यंत बरोबर चालत गेले, एक एक वळण, एक एक खड्डा सांगत. गाडी रस्त्याला लागली, हात सुटला, तरी ते बोलतच होते. "विहिरीपाशी म्हशी बसतात. त्या उठत नाहीत. थांबावं लागतं."

फोरमनबाई फाटकात त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"अजून एक वळण राहिलं सांगायचं," मामा म्हणाले.

"सिस्टरला माहीत असेल."

"हो," मामा म्हणाले. "तिला माहीत आहे."